साधं पाणी : ‘उदारमतवाद आणि धर्म’ या बारा फलकांच्या प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

२ एप्रिल
संध्याकाळी वाचनालयात बैठक झाली. २६ जूनला, शाहू जयंतीला, वरच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावायचं ठरलं. बारा फलक, तीन बाय चार फूट, विषय ‘उदारमतवाद आणि धर्म’. मजकूर आणि मांडणी माझ्याकडं, पुस्तकं काढून देणं ग्रंथपालबाईंकडं, चुका काढणं अण्णांकडं. अण्णांनी चाळीस वर्षं इतिहास शिकवलाय. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

विषय मीच सुचवला होता. मागच्या महिन्यात दुकानात दोन कॉलेजची पोरं प्रोजेक्टचं बाईंडिंग करायला आली होती. बोलता बोलता एकजण म्हणाला, “लिबरल म्हणजे देवधर्म न मानणारा की.” दुसऱ्यानं मान हलवली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण जमलं नाही. घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. या गावात वाढलेल्या पोरांना असं वाटावं, याचं वाईट वाटलं. आज तारीखही चांगली जमली. २ एप्रिल १८९४ लाच शाहू महाराजांचं राज्यारोहण झालं होतं.

५ एप्रिल
पहिला फलक शब्दावरच करायचा. लॅटिनमध्ये ‘लिबरालिस’ म्हणजे स्वतंत्र माणसाला शोभेल असा, सढळ हाताचा. युरोपात कित्येक शतकं या शब्दाचा अर्थ मनाचा मोठेपणा, दातृत्व असाच होता. राजकीय पक्षाचं नाव म्हणून तो वापरात आला तो स्पेनमध्ये, १८१० ते १८१२ च्या काळात. नेपोलियनच्या फौजा देशात घुसलेल्या असताना काडिझ शहरात लोकप्रतिनिधींची सभा बसली. राजाच्या अमर्याद सत्तेला लगाम घालू पाहणाऱ्यांना ‘लिबरालेस’ म्हणू लागले. आणि याच मंडळींनी केलेल्या १८१२ च्या राज्यघटनेचं बारावं कलम सांगतं की स्पेनचा धर्म रोमन कॅथलिक हाच, दुसऱ्या कुठल्याही धर्माच्या आचरणाला बंदी.

म्हणजे ‘लिबरल’ हे नाव घेणाऱ्या पहिल्या लोकांनी दुसऱ्या धर्माला दारही उघडलं नव्हतं. हे फलकावर ठळक टाइपात घ्यायचं. बाकीचे अकरा फलक त्यानंतरच समजतील.

मराठीत कुणीतरी ‘उदारमतवाद’ असा शब्द पाडला. ‘उदार’ हा आपल्याकडं अभंगातला शब्द, देवाला आणि संताला लावायचा. शब्द मूळ अर्थाच्या जवळ गेला, पण त्यामुळं एक गोंधळ झाला. उदार माणूस देतो, म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली. हक्क असा मागून मिळत नसतो. हा मुद्दा फलकावर कुठं बसवायचा ते अजून सुचलेलं नाही.

८ एप्रिल
लॉक वाचतोय. तीन रात्री झाल्या.

जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ १६८३ मध्ये इंग्लंडातून पळून हॉलंडला गेला. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं नांतचा हुकूमनामा रद्द केला. तिथल्या प्रॉटेस्टंट लोकांना १५९८ पासून जी काही मोकळीक होती ती एका सहीनं गेली, आणि माणसं घरंदारं सोडून सरहद्दी ओलांडू लागली. त्याच हिवाळ्यात लॉकनं, आम्स्टरडॅममध्ये लपून राहत असताना, एका मित्राला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. ते १६८९ मध्ये निनावी छापलं गेलं. हेच सहिष्णुतेवरचं पत्र.

अण्णांना मी सांगितलं की या पत्रात धर्मावर टीका असेल असं समजून मी वाचायला बसलो होतो. निघालं उलटंच. लॉक ख्रिस्ती माणसाशी ख्रिस्ती माणूस म्हणून बोलतो. श्रद्धा मनातून उगवावी लागते, तलवारीनं मनात काही उगवत नाही, आणि जुलमानं केलेली पूजा देवालाही नको असते. राजाच्या हातात दंड आहे, पण दंड आत्म्यापर्यंत पोचत नाही. सगळा युक्तिवाद धर्माच्या आत उभा राहून केलेला आहे.

अण्णा म्हणाले, “मग देव न मानणाऱ्याचं काय?” त्यांना उत्तर माहीत होतं, माझ्याकडून काढून घ्यायचं होतं. नास्तिकाला सहन करायचं नाही असं लॉक स्पष्ट लिहितो. त्याच्या शपथेला आणि वचनाला आधारच नाही म्हणून. पोपच्या निष्ठेत असणाऱ्यांनाही तो बाहेरच ठेवतो. आणि १६६९ च्या कॅरोलायना वसाहतीच्या घटनेच्या मसुद्यात त्याचा हात होता, ज्यात स्वतंत्र माणसाला त्याच्या गुलामावर संपूर्ण सत्ता दिलेली आहे. हेही त्याच फलकावर येणार. मोठ्या माणसाची अर्धीच बाजू लावायची असेल तर फलक न लावलेला बरा.

१० एप्रिल
त्याच पत्रातला एक परिच्छेद काल रात्री तीनदा वाचला. लॉक म्हणतो, तान्ह्या मुलाला पाण्यानं धुणं ही तशी साधी, तटस्थ गोष्ट. त्यानं रोग टळतो असं दिसलं तर सरकारनं कायदा करून मुलांना धुवायला लावलं तरी चालेल. पण तेच पाणी आत्म्याच्या शुद्धीसाठी, पुरोहिताच्या हातून, असा कायदा मात्र सरकारला करता येणार नाही. पाणी तेच. एकीकडं व्यवहार, एकीकडं संस्कार. पहिल्यावर राज्याची सत्ता, दुसऱ्यावर नाही.

इंग्लंडात ही रेघ ओढता येत असेल. आमच्याकडं पाणी साधं कधी होतं? विहीर कुणाची, हौदाला हात कुणी लावायचा, ओंजळीत वरून पाणी कुणी ओतायचं, हाच धर्म होता. राज्यानं ‘हे धर्माचं आहे, आम्ही यात पडत नाही’ असं म्हटलं असतं, तर लॉकच्या हिशेबानं ते सहिष्णू राज्य ठरलं असतं, आणि तहानलेला माणूस तहानलेलाच राहिला असता.

सगळ्या फलकांचा धागा मला इथं सापडला. वहीत मोठ्या अक्षरांत ‘पाणी’ लिहून ठेवलंय.

११ एप्रिल
जोतीराव फुल्यांची जयंती. गावात गुलाल घेऊन जोतिबाहून परतणाऱ्या गाड्या, सासनकाठ्या. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ घेऊन बसलो. ते १८९१ मध्ये, जोतीराव गेल्यानंतर छापलं गेलं.

त्यातल्या एका कुटुंबापाशी मी आज दिवसभर अडकून राहिलो. जोतीराव म्हणतात, घरातल्या बाईनं बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून तिच्या मर्जीनं तो धर्म घ्यावा. तिच्या नवऱ्यानं जुना आणि नवा करार वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलानं सार्वजनिक सत्यधर्म घ्यावा. आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता, एका निर्मिकाची, म्हणजे जग निर्माण करणाऱ्याची, लेकरं म्हणून प्रेमानं एका घरात राहावं.

लॉकची सहिष्णुता एका चर्चची दुसऱ्या चर्चशी, फार तर शेजाऱ्याची शेजाऱ्याशी. जोतीरावांनी ती एका उंबऱ्याच्या आत आणली. निवड करणाऱ्यांत पहिलं नाव बाईचं आहे, आणि ती नवऱ्याच्या मागून जात नाही, स्वतः वाचून ठरवते. त्या काळात बाईनं वाचणंच पाप मानलं जात होतं, आणि हा माणूस तिच्या हातात धर्म निवडायला पुस्तक देतो.

रात्री जेवताना घरी वाचून दाखवलं. आई ऐकत होती. ती म्हणाली, “आणि सणाला सैपाक कुणाच्या धर्माचा?” बायको म्हणाली, “ज्याचा सण त्यानं करायचा. मला तरी तेवढीच सुट्टी.” मुलगी म्हणाली, “बाबा, हे फलकावर असंच्या असं घ्या, आजीच्या प्रश्नासकट.” घेणार आहे.

१२ एप्रिल
कालच्यात एक राहिलं. जोतीरावांनी थॉमस पेन वाचला होता. पेन अमेरिकन आणि फ्रेंच, दोन्ही क्रांत्यांच्या धामधुमीत होता. चर्चच्या सत्तेवर त्यानं कठोर प्रहार केले, पण एका ईश्वरावर त्याचा विश्वास होता. फुल्यांचा निर्मिक वाचताना त्याची आठवण होते. तरी निर्मिक ही उसनवारी वाटत नाही. पेनचा देव घड्याळ करून बाजूला झालेला कारागीर. जोतीरावांचा निर्मिक बळीराजाच्या शेतात, स्त्री-शूद्रांच्या बाजूनं उभा असलेला. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापताना त्यांनी ती अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला. लॉकच्या फलकाशेजारी ही अर्पणपत्रिका लावणार.

१७ एप्रिल
स्पिनोझा आणि रॉजर विल्यम्स एकाच फलकात बसवले. दोघंही आपापल्या लोकांनी वाळीत टाकलेले. तत्त्वज्ञ स्पिनोझाला १६५६ मध्ये आम्स्टरडॅमच्या ज्यू समाजानं बहिष्कृत केलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. १६७० मध्ये त्यानं निनावी ग्रंथ काढून लिहिलं की मुक्त राज्यात प्रत्येकाला हवं ते मानायची आणि मानतो ते बोलायची मुभा असावी. विल्यम्स याच्या अगदी उलट, कट्टर श्रद्धाळू. त्याला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतून हाकललं, १६३६ मध्ये त्यानं प्रॉव्हिडन्स गाव वसवलं. राज्य आणि चर्च यांच्यात भिंत हवी असं तो म्हणाला ते चर्चच्या काळजीनं. बाग चर्चची, रान जगाचं. भिंत पडली तर रान बागेत शिरेल ही त्याची भीती.

ती दोन पोरं आली तर त्यांना आधी या फलकापाशी नेणार आहे.

२२ एप्रिल
आगरकर. या फलकाला कोल्हापूरचा धागा घट्ट आहे. चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतोय, त्यात दिवाण बर्वे सामील आहेत, असा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आला. ज्या पत्रांवर तो उभा होता ती खोटी ठरली आणि अब्रुनुकसानीबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस. आमच्या गावापायी दोघं एका कोठडीत गेले, आणि काही वर्षांतच त्यांच्या वाटा फुटल्या.

आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत त्यांच्या वाचनात मुरलेले. मिलनं १८५९ मध्ये लिहिलं की माणसाला नुसत्या राजाच्या जुलमापासून वाचवून भागत नाही, समाजाच्या मताचा जुलूम त्याहून खोल शिरतो. आगरकरांनी ते पुण्यात जगून पाहिलं. ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली गेली.

पण मिलची दुसरी बाजूही आहे. तो १८२३ पासून ३५ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, आणि स्वातंत्र्याचं हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही असं त्याच पुस्तकात लिहून गेला. म्हणजे मिलच्या हिशेबात आगरकर अजून लायक नव्हते. लॉकच्या हिशेबात तर नव्हतेच, कारण ते देवाबद्दल अज्ञेयवादी. ज्यांनी आपल्याला रांगेत धरलं नव्हतं त्यांचीच पुस्तकं घेऊन आगरकरांनी आपल्या लोकांशी भांडण मांडलं. हा फलक लिहिताना मला भरून आलं. दम्यानं पोखरलेला माणूस, १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेला.

३ मे
पहाटे पंचगंगा घाटावर गेलो. वेदोक्ताचा फलक तिथं उभं राहिल्याशिवाय लिहायचा नाही असं ठरवलं होतं. पाणी उतरलेलं, दीपमाळा कोरड्या, दगडावर दोघं-तिघं कपडे धुत होते.

१८९९, कार्तिक महिना. शाहू महाराज भल्या पहाटे स्नानाला इथं आले. मंत्र म्हणणारा पुरोहित वेदोक्त, म्हणजे वेदातल्या, मंत्रांऐवजी पुराणोक्त, म्हणजे पुराणातले, मंत्र म्हणतोय हे बरोबरच्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. विचारल्यावर उत्तर आलं, शूद्राला पुराणोक्तच. छत्रपतींना, नदीच्या पाण्यात उभं असताना.

हा फलक सोपा नाही. अण्णांनी काल मुद्दाम दुसरी बाजू लावून धरली. “पुरोहितालाही त्याचं मन आहे. त्याच्या श्रद्धेत बसत नाही ते मंत्र त्यानं म्हणायचे? तुझा लॉक काय म्हणेल?” रात्रभर विचार केला. लॉक पुरोहिताला जुलमानं मंत्र म्हणायला लावणार नाही हे खरं. महाराजांनी काय केलं? समजावून झालं, वाट बघून झाली, राजघराण्याच्या पुरोहितांनी, राजोपाध्यांनी, ऐकलं नाही. १९०२ मध्ये त्यांची इनामं खालसा झाली. अपिलं मुंबई सरकारपर्यंत गेली, तिथंही टिकली नाहीत. म्हणजे तुमचं मत तुमच्यापाशी, पण राजघराण्याची धर्मकृत्यं करण्याबद्दल मिळालेली जमीन ती कृत्यं नाकारून ठेवता येणार नाही.

इथं मला व्हर्जिनिया आठवलं. अमेरिकेच्या थॉमस जेफरसननं लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा तिथं १७८६ मध्ये मंजूर झाला. ज्या मताला मी मानत नाही त्याच्या प्रसारासाठी माझ्याकडून पैसा काढणं हा जुलूम आहे, हा त्याचा गाभा. महाराजांनी तो कायदा वाचला होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. दोन वेगळ्या नद्यांच्या काठी एकच पेच पडला आणि दोन्हीकडं गाठ सुटली ती पैशाच्या टोकाला, एवढंच फलकावर येईल.

६ मे
महाराजांचा स्मृतिदिन. १९२२. वय अवघं ४७.

आज अण्णांशी खूप वाद झाला. त्यांचं म्हणणं, शाहू महाराजांना उदारमतवादी म्हणणं चूक. ते राजे होते, हुकूम काढत होते. शिवाय १९२० मध्ये त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे वेगळे धर्मगुरू, बसवले. जेफरसन असं करेल का?

नाही करणार. हे मी मान्य केलं आणि फलकातही लिहिलं. पण अण्णांना मी पुन्हा पाण्याकडं आणलं. जिथं धर्माची सत्ता सिंहासनावर नव्हे तर प्रत्येक हौदावर बसलेली आहे, तिथं राज्यानं हात बांधून बाजूला उभं राहणं म्हणजे त्या सत्तेलाच राखण देणं. १९१९ च्या जानेवारीत करवीर, म्हणजे कोल्हापूर, सरकारनं हुकूम काढला की शाळा, दवाखाने, सार्वजनिक जागा इथं अस्पृश्यांना समानतेनं वागवायचं. हा हुकूम राजाचा आहे, आणि तो नसता तर माणसाचं स्वातंत्र्य कागदावरही आलं नसतं. युरोपातला उदारमतवाद राज्याला रोखता रोखता वाढला. आमच्याकडं आधी राज्याला पुढं यावं लागलं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ठीक आहे, पण ‘उदारमतवादी राजा’ असं लिहू नकोस. काय केलं ते लिही.” तसंच करतोय.

१२ मे
फोटो काढायला दसरा चौकात गेलो. महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून नजर फिरवली की बोर्डिंगं दिसतात. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये निघालं, मुसलमानांसाठी १९०६ मध्ये, आणि त्या संस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडं घेतलं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह.

जात मोडायला निघालेला राजा जातवार वसतिगृहं काढतो, हे पुस्तकातल्या उदारमतवादात बसत नाही. तिथं व्यक्ती एकटी असते. पण १९०१ मध्ये खेड्यातून कोल्हापूरला आलेलं पोर एकटं नव्हतंच. त्याला भाड्यानं खोली देताना आधी जात विचारली जायची. त्याची जात ज्या दाराशी आडवी आली, त्याच दाराची किल्ली महाराजांनी जातीच्या हातात दिली. आणि २६ जुलै १९०२ च्या हुकमानं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना राखून ठेवल्या.

मुस्लिम बोर्डिंगच्या कट्ट्यावर दोन मुलं अभ्यास करत बसली होती. त्यांना विचारून फोटो घेतला, चेहरे न येतील असा.

१६ मे
लग्नसराई जोरात, फलकांना वेळ नाही. पण आज दुकानात जे झालं ते इथंच लिहायला हवं.

एक मुलगा आणि मुलगी पत्रिका करायला आले. धर्म वेगळे, लग्न नोंदणी पद्धतीनं, मग छोटा स्वागत समारंभ. दोन्ही घरची माणसं येणार होती. मी सवयीनं फाइल उघडली. वर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ तयारच असतं, गणपतीचं चित्र, खाली कुलस्वामिनी, जोतिबा. कर्सर तिथं लुकलुकत राहिला. मुलगी म्हणाली, “दादा, वर काय घालायचं तेच ठरत नाहीये. त्यांच्या आईला त्यांचं हवंय, माझ्या आईला आमचं.” मुलगा म्हणाला, “काहीच नको घालूया.” ती म्हणाली, “काहीच नाही घातलं तर दोघींनाही वाईट वाटंल.”

मला जोतीरावांचं घर आठवलं. मी त्यांना ते वाचून दाखवलं, छपाईसाठी लावलेला मजकूर मशीनवर होताच. दोघांनीही शेवटपर्यंत ऐकलं. मग मुलीनं पेन घेतलं आणि कागदावर दोन्ही आयांची नावं शेजारी शेजारी लिहिली. “वर हेच घाला. दोन्ही आयांच्या आशीर्वादानं.” मी २२ पॉइंटात लावलं, लाल नको, मोरपंखी रंगात. आजपर्यंत हजारो पत्रिका केल्या असतील, पण ही मी स्वतः तीनदा तपासली.

महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा आणि त्यानंतर लवकरच आंतरजातीय विवाहाचा कायदा संस्थानात आणला. हा फलक आज डोळ्यांपुढं चालत आला.

२४ मे
चहाचा फलक झाला. सगळ्यात कमी मजकूर, सगळ्यात जास्त मेहनत.

डावीकडं पुणे, ऑक्टोबर १८९०. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली. काहींनी घेतला, काहींनी कप नुसता हाताळला. नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. रानडे आमचेच म्हणायचे, बालपण आणि शाळा कोल्हापुरात. प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, एकेश्वरवादी. संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी त्यांनी १९०० च्या ‘मराठी सत्तेचा उदय’ या इंग्रजी ग्रंथात केली. तुकारामाच्या अभंगात उदार विचारांचं मूळ शोधणारा हा माणूस, एका कप चहापुढं नमला. मी त्यांना दोष देत नाही. घर, नातलग, आणि सुधारणेला बरोबर घेऊन चालायचा समाज, हे सगळं त्यांच्या पाठीशी बांधलेलं होतं. मिल ज्याला समाजाचा जुलूम म्हणतो तो असा बशीतून येतो.

उजवीकडं कोल्हापूर, भाऊसिंगजी रोड. गंगाराम कांबळे राजवाड्यातले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. पुन्हा पाणी. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी चहाचं दुकान घातलं, पण महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी तिथं थांबवायचे, चहा मागवायचे, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. सहीसाठी कागद घेऊन आलेल्यांचीही तिथंच गाठ पडायची.

कायद्यानं चहा पाजता येत नाही. हौद मोकळा करता येतो, पण कप तोंडाला लावायला माणूसच लागतो. अण्णांनी या फलकात एकही चूक काढली नाही.

२ जून
वळीव जोरात झाला, वीज गेली, आज काही नाही.

५ जून
फ्लेक्स छापून आले. नऊ चांगले. मुख्य फलकावर ‘उधारमतवाद’. छापणाऱ्यानं माझी फाइल न वापरता मथळा पुन्हा टाइप केला होता. परत करायला पाच दिवस लागतील म्हणाले. चिडून उपयोग नव्हता. संध्याकाळी तो चुकलेला फलक भिंतीला टेकवून बघत बसलो. ५ एप्रिलचा अडकलेला मुद्दा तिथं सुटला. उदार म्हणजे देणारा वर, घेणारा खाली. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये रेडिओवरच्या भाषणात सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. उसनं नाही आणि कुणी दिलेलंही नाही. शेवटच्या फलकाची सुरुवात याच वाक्यानं होणार. त्याला जोडून माणगाव, मार्च १९२०, आपल्याच जिल्ह्यातली परिषद, जिथं महाराजांनी बाबासाहेबांना पुढं केलं. मग १९२७ चं महाडचं तळं. मग संविधान.

९ जून
संविधानाचा मजकूर बाईंच्या मदतीनं पुरा केला. कलम २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं आणि धर्माचरणाचं स्वातंत्र्य देतं. हे वाक्य लॉकला ओळखीचं वाटलं असतं. पण लगेच पुढं, हिंदूंच्या सार्वजनिक स्वरूपाच्या धार्मिक संस्था हिंदूंमधल्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा कायदा राज्याला करता येईल, असंही आहे. आणि कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. राज्यघटनेत विहीर आणि घाट! बाईंनी ते कलम मोठ्यानं वाचलं आणि मी लिहायचा थांबलो. एप्रिलमध्ये वहीत लिहिलेला शब्द इथं, मूलभूत हक्कांत, छापलेला होता.

१५ जून
पोपचा फलक काढून टाकला. १८६४ मध्ये नवव्या पायसनं उदारमतवादाशी जुळवून घेण्याचं मत चुकांच्या यादीत घातलं आणि १९६५ मध्ये त्याच चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. एका वाक्यात मावतं, ते लॉकच्या फलकाच्या तळाला घेतलं. त्या जागी आईचा प्रश्न मोठा केला.

२६ जून
सकाळी मिरवणूक, ढोल-ताशे, पावसाची रिमझिम. दहाला हॉल उघडला. शाळेची मुलं रांगेनं आली, चहाच्या फलकापाशी थांबून पुढं पळाली. ती दोन कॉलेजची पोरंही आली. मी त्यांना विल्यम्सपाशी नेलं आणि बोललो, यावेळी शब्द सापडले. त्यातला एक वाद घालत राहिला. पटलं नाही म्हणाला, पण तासभर थांबला.

दुपारी एक म्हातारी बाई आल्या, नातीचा हात धरून. त्यांना वाचता येत नव्हतं. नात मोठ्यानं वाचत होती. विहिरी, तलाव, स्नानघाट, इथं आल्यावर त्यांनी तिला थांबवलं. “परत वाच.” तिनं वाचलं. “आमच्या गावात हीर दोन होत्या,” त्या मला म्हणाल्या. “आमची आटली की दुसरीपाशी बसायचं, कुणी वतंल तवा. हे कवा लिवलं?” मी सांगितलं, १९५० पासून आहे. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग फलकाला हात लावून बघितला, फ्लेक्स होता, ओलसर हाताचा ठसा उठला.

२८ जून
फलक उतरवले. माणगावच्या शाळेत पुढच्या आठवड्यात लावायचे आहेत. दोन फलकांच्या रिंगा उसवल्यात, त्या बसवून घ्यायच्या. घटनेचा फलक पुसायला घेतला होता, पण तो ठसा तसाच ठेवलाय.